रांगेत पुढे इलेन

पुढे चौदा जण.

हॉलमध्ये पाच रांगा आहेत. प्रत्येक रांगेच्या टोकाला एक कापडी पडदा आणि पडद्यामागे एक फादर. पडद्यावर कागद चिकटवलेत: इंग्लिश, मल्याळम, तमिळ, कोंकणी, मराठी. मराठीचा कागद मी लिहिला, काल, जाड मार्करने. फादर टेरेन्सना वसईहून तीन दिवसांसाठी बोलवायची धावपळही माझीच. एरवी मस्कतमधल्या रुवीच्या या चर्चमध्ये आम्हाला आमच्या भाषेत पाप सांगायची सोय नसते. दर महिन्याला मी इंग्लिशच्या रांगेत उभी राहते आणि राग, आळस, चुकलेली रोझरी असं सांगून येते. इंग्लिशमध्ये पाप सांगितलं की रजेचा अर्ज दिल्यासारखं वाटतं. मंजूर होतो.

मी जेनेट. एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. चर्चचा मराठी गायनवृंद मी चालवते. नवरा अ‍ॅलन बाहेर गाडीत बसलाय, एसी लावून.

आणि माझ्यापुढे चौघांना सोडून पाचवी, निळ्या ओढणीतली, ती इलेन.

हातात पत्रिका आहे: 'पापनिवेदनाआधी स्वतःला विचारा.' प्रश्नही मीच टाईप केलेत, वसईच्या जुन्या पत्रिकेवरून. शेजारी पेन्सिलीने उत्तरं लिहायला जागा सोडलीय.

*देवापेक्षा दुसऱ्या कशाला मी मोठं मानलं का?*

नाही.

(पेन्सिल नीट टोकदार आहे.)


पुढे बारा.

"दिसली का तुला?" मागून थेरेसा. माझ्यामागे कानात इअरफोन घातलेली एक कॉलेजची मुलगी आहे आणि तिच्यामागे थेरेसा. मुलीच्या खांद्यावरून बोलतेय.

"कोण?"

"आता गं! निळी ओढणी."

"मी पत्रिका वाचतेय."

"तीन महिने झाले म्हणे येऊन. मदिनत सुलतान काबूसला शाळेत लागलीय, केजीला. बाय, मला तर वाटलेलं ती परत तोंड दाखवणार नाही. आणि बघ, गेल्या शुक्रवारी बायबलचं वाचन कुणाला दिलं? तिला! दोन वर्षांपूर्वी काय झालं ते इथे सगळ्यांना ठाऊक. तरी मिस्सा संपल्यावर गळ्यात पडायला लाईन."

मी मोजलं होतं. अकरा जणी गळ्यात पडल्या. बाविसाव्या ईस्टरलाही मीच गाणी बसवतेय, माझ्या गळ्यात कुणी पडत नाही. पडायचं कारणच काय? मी कुठे गेले नव्हते.


पुढे तेरा.

हो, वाढले. लोपीस अंकल काठी टेकत आले आणि इलेनने त्यांना आपल्यापुढे घेतलं. "या अंकल, बसा, खुर्ची घ्या." अंकलनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रांगेतल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर कसं छान, छान.

चांगुलपणा तिचा, मिनिटं माझी.

*इतरांना मिळालेल्या कृपेचा मला हेवा वाटला का?*

हा प्रश्न टाईप करताना गाळावासा वाटला होता. जुन्या पत्रिकेत होता म्हणून ठेवला. उत्तर:

~~नाही~~

~~थोडा~~

पुढचा प्रश्न.


पुढे नऊ.

आता सांगूनच टाकते, म्हणजे कुणी अंदाज करत बसायला नको.

इलेनचा नवरा लवकर गेला. ती रुवीतल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती, मुलगी शाळेत. गायनवृंदात वरचा सूर तिचा. मी पंधरा दिवस घासून जे बसवायचे ते ती पहिल्या दिवशी गायची. प्रॅक्टिसनंतर तिला घरी सोडायला अ‍ॅलनला मीच सांगायचे. बिचारी टॅक्सी शोधत फिरेल म्हणून. आठ महिने त्याने तिला घरी सोडलं. मग एका सकाळी अ‍ॅलन माझ्यासमोर स्वयंपाकघरात उभा राहून रडला. कामावर जायच्या कपड्यांत, अल मवालेहच्या मार्केटात कोल्ड स्टोरेजला घालतात ते जाड जॅकेट अंगात, आणि रडतोय. मी गॅस बंद केला. ऐकून घेतलं. त्याच आठवड्यात त्याला माफही केलं. लोक म्हणाले, जेनेट म्हणजे देवमाणूस.

आणि इलेनला देवाने शिक्षा केली. पंधरा दिवसांत नोकरी गेली, व्हिसा रद्द, खलास. मुलीची दहावी अर्ध्यात टाकून वसईला. थेरेसा तेव्हा मला म्हणाली, "देव बघतो गं बाय. वरून सगळं बघतो." सगळेच म्हणाले.

मी काही बोलले नाही.

*मी दुसऱ्याचं नुकसान केलं का?*

—


पुढे सहा.

काल फादर टेरेन्स प्रवचनात म्हणाले, देवाच्या कोर्टात न्यायाधीश तोच आणि आरोपीचा वकीलही तोच. लोकांना आवडलं. लोपीस अंकलनी मान डोलावली. मी चौथ्या बाकावर बसून विचार करत होते, मग फिर्यादीने कुठे जायचं? फिर्यादीला वकील कोण? तिथे काय पाण्याचा ग्लास देऊन बाहेर बसवतात?

आधी नवरा. आता देव. त्याच्याकडेही ती माझ्याआधी पोचणार, पाच माणसांनी.


पुढे चार, आणि इलेन आत.

४ वाजून ५२ मिनिटं.

पडद्याखाली तिच्या चपला दिसतात. आवाज येत नाही.

मला वेळ मोजायची सवय आहे. गाण्यांमुळे. कुठलं गाणं किती मिनिटांचं, अर्पणाला किती कडवी पुरतील, सगळं डोक्यात. त्यामुळे ही खोडही लागली. कन्फेशनहून आलेला माणूस गुडघे टेकतो ना, तेव्हा मी मोजते. प्रायश्चित्ताला देतात ती नमो मरियाची प्रार्थना मराठीत घाई न करता बारा सेकंदांत होते. एक मिनिट म्हणजे पाच. माणूस किती वेळ गुडघ्यावर राहिला ते कळलं की फादरनी प्रायश्चित्त किती दिलं ते कळतं. आणि प्रायश्चित्त कळलं की... असो. थेरेसालाही मीच शिकवलंय. आमचं दोघींचं चालतं. वाईट काही नाही त्यात.

४.५५. अ‍ॅलनचं सांगत असेल.

४.५७. अजून अ‍ॅलनचंच. आठ महिने सांगायला वेळ लागतोच. कोणत्या दिवशी, कुठे. मी त्याला कधी विचारलं नाही. फादरना ती सांगत असेल. म्हणजे जे मला माहीत नाही तेही आता फादरना माहीत.

त्या दोघांकडे मिळून एक पाप आहे. त्याला आता पश्चात्तापही आहे, अश्रूही आहेत, आणि थोड्या वेळात क्षमाही असेल. माझ्याकडे त्यातलं काय आहे? मी त्या गोष्टीत कुठेच नाही. मी गॅस बंद करणारी.

४.५९. बाहेर आली. डोळे लाल, चेहरा धुतल्यासारखा. कोपऱ्यात मारियेच्या पुतळ्यासमोर गेली आणि गुडघे टेकले.

मी घड्याळ बघितलं. मागून थेरेसाने पण.

एक मिनिट पंचवीस सेकंद.

उठली, क्रुसाची खूण केली, बाहेर गेली.

"सात," थेरेसा कुजबुजली.

सात. माझ्या घराची दोन वर्षं, आणि सात नमो मरिया. मला रोझरी चुकल्याबद्दल इंग्लिशच्या रांगेत पाच मिळतात.


पुढे तीन.

बघा ना, मी काय मागत होते? तिला नरकात टाका म्हणत नव्हते. पण काहीतरी जड. काहीतरी ज्याने गुडघे सोलवटतील. लाँड्रीत चादरीवर वाईनचा डाग पडला तर तो काढायला तीन वेगळ्या पावडरी लागतात, आणि तरी उन्हात धरलं की मला दिसतो. फादर म्हणणार, आम्ही उन्हात धरत नाही.


पुढे दोन.

*मी खोटी साक्ष दिली का?*

नाही. एक अक्षर खोटं नव्हतं.

(असं कोण लिहितं? 'नाही' पुरे होतं. खोडरबर नाही.)


पुढे कुणी नाही.

खुर्ची अजून गरम होती. जाळीच्या पलीकडे फादर टेरेन्सचा कान आणि अर्धी दाढी.

"फादर, आशीर्वाद द्या. माझं मागचं पापनिवेदन गेल्या महिन्यात झालं. एक बाई आहे, फादर. तिने माझ्या संसारात..."

मी सांगत गेले. चांगलं सांगितलं, क्रमाने. लिफ्ट, आठ महिने, जॅकेट, परत आली, वाचन, अकरा जणी. फादरनी मध्ये टोकलं नाही. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाले,

"बाई, हे कन्फेशन कुणाचं चाललंय?"

"म्हणजे?"

"एवढा वेळ तुम्ही दुसऱ्याच कुणाचं तरी करताय. त्यांचं ते करतील."

"केलं असेलच! म्हणूनच विचारते, फादर. इतकं स्वस्त असतं का हे? मी दोन वर्षं रोज जळायचं आणि तिने यायचं, रडायचं, धुऊन बाहेर?"

"तुम्हाला तिच्यासाठी काय हवं होतं?"

"न्याय."

"कुणी करायचा?"

"देवाने."

"मग? केला नाही त्याने?"

माझ्या हातात पत्रिका होती. घामाने मऊ झालेली.

"केला ना. सगळे म्हणतात केला. नोकरी गेली तिची. व्हिसा गेला. मुलीची दहावी होती."

"मग देवाने केलाय तर तुमचं अडलंय कुठे?"

बाहेर तमिळच्या रांगेत एक बाळ रडत होतं. त्याची आई त्याला शू शू करत होती. मी ते संपायची वाट बघितली. संपलं नाही.

"देवाने नाही केला, फादर. मी फोन केला होता."

त्यांनी कान जाळीजवळ आणला.

"क्लिनिकच्या मॅनेजरला. नाव नाही सांगितलं. हिंदीत म्हटलं, तुमची रिसेप्शनिस्ट एका लग्न झालेल्या माणसाबरोबर फिरते, अर्बाबला, म्हणजे मालकाला, कळलं तर क्लिनिकचं नाव खराब होईल. दोन मिनिटांचा फोन. खोटं काहीच नव्हतं. मग तिची नोकरी गेली, आणि लोक म्हणायला लागले की देव बघतो. मी म्हटलं, म्हणू देत. मला वाटलं, यात पाप कसलं? देवाला थोडी मदत."

"त्याला शिक्षेच्या कामात मदत लागत नाही," फादर म्हणाले. "दुसरी कामं पुष्कळ पडलीयेत, तिकडे माणसं कमी आहेत." आणि मग, "नवऱ्याच्या कंपनीत केला होतात का फोन?"

"नाही."

"का?"

"तो माझा आहे."

जाळीपलीकडून नुसतं "हं" आलं. त्या हुंकाराचा मला राग आला आणि मग एकदम रडायला आलं, नाकातून पाणी, रुमाल गाडीत.

"तिचा हेवा वाटतो मला," मी म्हटलं. "आधीपासून. अ‍ॅलनच्याही आधीपासून. वरचा सूर लावते तेव्हापासून. आणि आता तुम्ही तिला आत घेतलंत आणि सगळं पुसलंत म्हणून. हे पण लिहा."

"मी लिहीत नाही काही."

त्यांनी हात उचलला आणि क्षमेचे शब्द म्हटले, हळू, आमच्या भाषेत. सव्वीस वर्षांत मस्कतमध्ये मी ते मराठीत ऐकले नव्हते. रजेच्या अर्जासारखे वाटले नाहीत. आईने लहानपणी अंघोळ घालताना डोक्यावर पाणी ओतलं की क्षणभर श्वास अडायचा, तसं झालं.

"प्रायश्चित्त. एक नमो मरिया."

"एक?"

"कमी वाटते?"

"फादर, तिला किती..."

"बाई."

"चुकलं."

"एक म्हणा. बाकी काय करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं ठाऊक आहे. जी गोष्ट देवाच्या नावावर टाकलीय, ती आपल्या नावावर घ्या. हिमतीने जा."


बारा सेकंद.

मी पुतळ्यासमोर गुडघे टेकले, म्हटली, उठले. वळले तर थेरेसा रांगेतून बघतेय, घड्याळाचा हात छातीशी. डोळे कौतुकाने भरलेले.

"एकच?" ती ओठांनी म्हणाली. मग आवाजात, "अगं तुझं काय! तुझी पापंच कुठे आहेत बाय. देवमाणूस तू."

मला तिला सांगायचं होतं की हे मोजणं चुकीचं आहे, आपण दोघी इतकी वर्षं मूर्खासारखं मोजत आलोय. पण इअरफोनवाल्या मुलीने तिला आधी जायला सांगितलं आणि ती पडद्यामागे गेली.


अंगणात.

ईद होऊन आठवडा झालाय. कुणीतरी पाण्याच्या मशीनजवळ खजुरांचा खोका आणून ठेवलाय. ऊन उतरलेलं, फरशी तापलेली. फाटकाबाहेर आमची गाडी, काचेत अ‍ॅलनचं डोकं, फोनमध्ये वाकलेलं.

इलेन मशीनजवळ उभी होती. ग्लास भरत होती. मला वाटलं होतं, एव्हाना निघून गेली असेल. तसं झालं असतं तर मी देवाचे आभार मानले असते, आणि तेही देवाच्या नावावर टाकलं असतं.

"इलेन."

ती वळली. ग्लास अर्धा भरलेला, नळ चालू.

"क्लिनिकमध्ये फोन आलेला ना. तेव्हा. तो मी केला होता."

तिने नळ बंद केला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू केलास ते."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मॅनेजर जैनुद्दीनभाई म्हणाले, एका बाईचा फोन होता, माझी अशी अशी बदनामी केली, आणि ठेवताना थँक्यू म्हणाली." तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "असला फोन करून थँक्यू म्हणणारी मस्कतमध्ये तू एकटीच आहेस, जेनेट."

मला आठवलं. म्हटलं होतं मी थँक्यू.

"मग कुणाला बोलली का नाहीस? इथे सगळे म्हणत होते, देवाने शिक्षा केली."

"तिकडे वसईत पण म्हणत होते. माझी आईसुद्धा. मी काय सांगणार? तू खोटं थोडंच बोलली होतीस. पण मुलगी, जेनेट. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. तिचं काय होतं त्यात? वर्ष गेलं तिचं. अजून माझ्याशी नीट बोलत नाही."

पत्रिकेवर जिथे मी नुसती रेघ मारली होती, तिथे ती मुलगी होती. तिच्याबद्दल मी दोन वर्षांत एकदाही विचार केला नव्हता. सगळा वेळ तिच्या आईत गेला.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "वाईट केलं मी."

इलेनने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

"अ‍ॅलनचं मी तेव्हाच सांगून टाकलं होतं, वसईला गेल्या गेल्या," ती म्हणाली. "आज आत तुझंच सांगत होते. दोन वर्षं रोज माफ करायला बसते तुला आणि होत नाही. आज फादरना म्हटलं, मला हे जमत नाही, काय करू."

ती सात मिनिटं माझी होती. त्यात अ‍ॅलन नव्हताच.

"मग? काय म्हणाले?"

"ते माझं आहे."

"प्रायश्चित्त किती दिलं तेवढं तरी सांग. सात ना?"

"सात काय?"

"नमो मरिया. एक मिनिट पंचवीस सेकंद होतीस तू गुडघ्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली, दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिसला हसायची तशी, मोठ्याने, एका हाताने ओढणी तोंडाशी धरून. "तू मोजलंस? अगं, मी कसली प्रार्थना करतेय! रडू थांबत नव्हतं म्हणून बसले होते. असा चेहरा घेऊन थेरेसासमोरून जायचं म्हणजे... प्रायश्चित्त अजून केलंच नाही मी. ते तिथे बसून होण्यासारखं नव्हतं."

तिने ग्लास पूर्ण भरला आणि माझ्यापुढे धरला.

ते प्रायश्चित्त होतं की माझा चेहरा बघून दिलेलं नुसतं पाणी, मी विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं. मी ग्लास घेतला. फाटकाबाहेर अ‍ॅलनने हॉर्न वाजवला, एकदा, मग पुन्हा. आम्ही दोघींनी तिकडे बघितलं नाही.

"तुझी गाण्याची फाईल माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "फेकली नव्हती. सोमवारी साडेसातला प्रॅक्टिस. पुढच्या आठवड्यात ईस्टर आहे, उशीर चालणार नाही."

"वरचा सूर?"

"बघू. घसा कसा आहे त्यावर."

"घसा चांगला आहे."

असणारच. मला माहीत होतं, चांगलाच असणार.

पाणी गार होतं. मी अर्धा ग्लास संपवला तेव्हा लक्षात आलं, तिने स्वतःसाठी घेतलंच नव्हतं. मी तिचं वाईट केलं. तिने दोन वर्षं ते पोटात ठेवलं, आणि मला माफ करायला रोज बसली. मी एकदाही बसले नव्हते. मी आज सुरुवात केली, तीही अजून नीट जमलेली नाही, आत कुठेतरी खुपतंच आहे.

मी दुसरा ग्लास घेतला आणि तिच्यासाठी नळाखाली धरला.

पुढे एक जण. इलेन.